बांधावरची भाजी अभक्ष्य, पाकिटातली शेव भक्ष्य?



आज जरा कडू लिहिणार आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा आणि मग या भांडायला. चहा मी करते, फक्त दिवस मावळायच्या आत या.

गोष्ट अक्षय तृतीयेची. हस्तिनापुरात राजा श्रेयांसानं आदिनाथ भगवंतांना इक्षुरसाचा आहार दिला तो हा दिवस. आमचा शिरोळ तालुका उसाचाच, त्यामुळं बस्तीत रसाला तोटा नसतो. यंदाही रस होता, दुपारी महिला मंडळातर्फे जेवण होतं. सकाळी दहाच्या सुमाराला मागच्या दारानं एक मावशी आल्या. आमच्या मळ्यात चाळीस वर्षं भांगलणीला येणाऱ्या. सत्तरी उलटली आहे, पाठीत वाकल्या आहेत. ओल्या फडक्यात तांदुळजा बांधून आणला होता, निवडून, काडी न् काडी बाजूला काढून. म्हणाल्या, "वैनी, आज तुमचा सण न्हवं, जेवणात घाला म्हनून आणलीया."

मंडळाच्या एक पदाधिकारी पुढं झाल्या. "मावशी, असलं रानातलं, तणातलं बस्तीत चालत नाही हो. आमच्यात ते अभक्ष्य असतं."

आवाज गोड होता. मावशींनी फडक्याची गाठ पुन्हा मारली आणि निघाल्या.

मी शेगडीपाशीच होते, हातात झारा होता. मी एक शब्द बोलले नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे सुनावणार आहे त्यात मीही आहे हे लक्षात राहील. मागून जाऊन फाटकापाशी त्यांना गाठलं, गाठोडं घेतलं आणि घरी आणलं. पण जे बोलायचं ते चारचौघींत बोलायला हवं होतं.

त्याच दुपारी जेवणं झाल्यावर ठराव झाला की यंदा चातुर्मासात घरटी एक 'शुद्ध जैन किट' वाटायचं. 1,650 रुपयांचं एक, घरं 112. मी बी.कॉम. झालेली बाई, आकडा ऐकला की डोक्यात गुणाकार आपोआप होतो. 1,84,800 रुपये. किटात काय? खाकऱ्याची पाकिटं, शेव, केळ्याचे वेफर्स, तयार ढोकळ्याचं पीठ, टोमॅटो सॉस आणि 'जैन' असं छापलेला पास्ता मसाला. टाळ्या वाजल्या.

सकाळी परत पाठवलेला तांदुळजा आणि दुपारी टाळ्या घेतलेलं हे किट, यातलं अभक्ष्य कुठलं, एवढाच आज माझा प्रश्न आहे.

आधी शास्त्राचं बोलू, कारण 'अभक्ष्य' हा शब्द शास्त्रातला आहे, आपल्या सोयीचा नाही. बावीस अभक्ष्यांत 'अजान फळ' आहे, म्हणजे जे ओळखीचं नाही ते खाऊ नये. फार शहाणा नियम आहे. ज्या बांधावर तांदुळजा येतो त्याच बांधावर धोतराही येतो, आणि धोतऱ्यानं माणूस जातो. पण हा नियम ओळख करून घ्यायला सांगतो. आमच्या सासूबाईंना, त्यांना आम्ही आक्का म्हणायचो, बांधावरच्या पंधरा-वीस वनस्पती नावानं माहीत होत्या. त्यांना त्या अजान नव्हत्या. मला त्यातल्या आठ माहीत आहेत. माझ्या सुनेला एक, कोथिंबीर, आणि ती बांधावरची नाही. दोन पिढ्यांत आपण विसरलो, आणि विसरलेल्या गोष्टीला अभक्ष्य म्हणून मोकळ्या झालो.

दुसरं, अनंतकाय. दहाव्या शतकात आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी गोम्मटसार जीवकांडात वनस्पती पारखायच्या खुणाच दिल्या आहेत. ज्याच्या शिरा, सांधे, पेरं दिसत नाहीत, मोडलं तर जे सरळ सारखं मोडतं, ज्यात तंतू नसतो, आणि तोडून लावलं तरी जे उगवतं, ते साधारण, म्हणजे अनंत जीवांचं. याच्या उलट असेल ते प्रत्येक. स्वाध्यायात ही गाथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण ती गाथा हातात घेऊन कधी शेतात गेलो आहोत का?

आक्का जात होत्या. त्यांना गाथा पाठ नव्हती, खूण पाठ होती. तांदुळज्याचं पान उन्हाकडं धरायच्या. शिरांची जाळी स्वच्छ दिसते, देठ मोडला की धागा निघतो, झाड बियांपासून येतं. म्हणून घ्यायचा. पाथरीचं तेच, शीर ठळक. घोळ आणि चिघळ मात्र कधी आणू दिली नाही. गावभर लोक आवडीनं खातात, पण पान जाड, शीर दिसत नाही, आणि भांगलून टाकलेला तुकडा ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतो. तांदुळज्याचेही अगदी कोवळे शेंडे त्या सोडून द्यायच्या, कारण कोवळेपणी शीर उमटलेली नसते. जून पानं तेवढी खुडायची, झाड उपटायचं नाही. त्यामुळं शेंडा पुढं वाढायचा, फुलोरा यायचा, बी पडायचं आणि पुढच्या वर्षी भाजी असायची. धर्म पाळता पाळता बियाण्याचीही सोय होत होती.

तिसरं, पावसाळ्याचं. यात मी कुणालाच सवलत देणार नाही. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात सागारधर्मामृतात वर्षाकाळात पालेभाजी वर्ज्य सांगितली आहे. पावसात पानोपानी जीव असतात, कितीही निवडली तरी नजरेतून सुटतात. म्हणून आषाढ ते कार्तिक पालेभाजी नाही, मग ती रानातली असो की बाजारातली. पण अक्षय तृतीया वैशाखात येते. त्या दिवशी तांदुळजा परत पाठवायला सागारधर्मामृताचा आधार नव्हता. आणि त्याच दिवशीच्या जेवणात बाजारातून आणलेली पालकाची भाजी होती, ती कुणी परत पाठवली नाही.

मी खाली देते तो माझा स्वतःचा हिशेब आहे, कुणावर लादत नाही. कार्तिकानंतर आवळा. पौषात बोरं, हरभऱ्याची भाजी. माघ-फाल्गुनात कवठ आणि चिंच. उन्हाळ्यात तांदुळजा, पाथरी. वैशाखात करवंदं, ज्येष्ठात जांभळं. कच्च्या करवंदाची चटणी त्याच दिवसापुरती करायची, लोणचं घालून ठेवलं की ते संधानात गेलं. फुलं घेत नाही, त्यामुळं हादगा आणि शेवग्याची फुलं बाद. मध, उंबर, जमिनीखालचे कंद, पावसातली अळंबी हे तर विचारायलाच नको. काही जणी बोर-जांभूळही तुच्छ फळात धरतात, त्यांनी जरूर धरावं. माझं म्हणणं एवढंच की नियम लावायचाच तर तो सगळ्याला लावा.

आता तोच नियम किटाला लावू.

घरी दळलेल्या पिठाची मर्यादा काय? पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, थंडीत 7. महाराजांचा चौका लावायचा असला की आपण कितीदा तारखा मोजतो. मग पाकिटातल्या खाकऱ्याचं पीठ कधी दळलं? पाकिटावर सहा महिन्यांची मुदत छापलेली असते. घरच्या पिठात चौथ्या दिवशी जीव पडतात आणि पाकिटातल्या पिठात सहा महिने पडत नाहीत, असं तर शास्त्रात कुठं नाही. पाणी गाळलेलं होतं का? जिवाणी कुठं सोडली? कारखान्याच्या रात्रपाळीत तळलेली शेव ही दिवसाची की रात्रीची? हिरवा ठिपका बघून आपण निर्धास्त होतो, पण तो ठिपका फक्त शाकाहारी एवढंच सांगतो. कांदा, बटाटा, मध सगळं त्या ठिपक्यात बसतं.

आणि तेल. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात बघा, बऱ्याचदा पाम तेल असतं. आपल्या देशात ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं, आणि तिथं पामच्या बागांसाठी जंगलंच्या जंगलं साफ झाली आहेत. आपल्या बस्तीच्या भिंतीवर लेश्यांचं चित्र आहे. फळांनी लगडलेलं जांभळाचं झाड आणि सहा माणसं. एक मुळापासून तोडायला निघतो, दुसरा बुंधा, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळ्या, पाचवा नुसती फळं तोडतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. लहानपणी पाठशाळेत गुरुजी विचारायचे, "तू यातला कोण?" सगळी पोरं ओरडायची, "सहावा!" मैत्रिणींनो, भांगलण करताना आधीच उपटून सरीत टाकलेला तांदुळजा ओच्यात भरणारी बाई या चित्रातली कितवी? आणि जंगल तोडून काढलेल्या तेलातली शेव घरटी वाटणारं मंडळ कितवं? मी आपलं नुसतं विचारते.

खरं कारण धर्माचं नाहीच. तांदुळजा मजुराच्या घरची भाजी, म्हणून ती बस्तीच्या ताटात नको. तीच भाजी पुण्यातल्या मॉलमध्ये प्लास्टिकच्या डब्यात, वर चिकटपट्टी लावून ठेवली असती, तर आपण कौतुकानं घेतली असती. सुनेनं मला फोटो पाठवला होता. मूठभर तांदुळजा, 60 रुपये. पदराच्या ओच्यातून आली की अशुद्ध. हे आपल्यात आधी नव्हतं. आपण दक्षिण महाराष्ट्रातले जैन बहुतेक शेतकरीच. भोजच्या शांतिसागर महाराजांनी गृहस्थपणी आपल्या शेतातली पाखरं हाकलली नाहीत, ही गोष्ट आपण नातवंडांना सांगतो. मातीत हात घातलेल्या लोकांची आपण लेकरं, आणि आता मातीतून आलेल्या भाजीला नाक मुरडतो.

आता माझी वही उघडते.

आमचा अडीच एकर ऊस. हिशेब लग्न झाल्यापासून माझ्याकडं. 2009 साली पहिल्यांदा तणनाशक आणलं. सुचवलं यजमानांनी, पण आकडेमोड करून हो म्हणाले ती मी. वहीत अजून आहे. भांगलण 96 रोज, रोजाला 100 प्रमाणं 9,600. तणनाशक, पंप, फवारणाऱ्याची मजुरी सगळं धरून 2,100. बचत 7,500. खाली मी दोन रेघा मारल्या आहेत, परीक्षेत ताळेबंद जुळल्यावर मारायचो तशा. तेव्हा किती बरं वाटलं होतं.

ते औषध टू-फोर-डी. त्याचं काम असं की रुंद पानाचं तण मारायचं आणि गवताच्या जातीचं पीक ठेवायचं. ऊस गवताच्या जातीचा, त्याला काही होत नाही. पण तांदुळजा, पाथरी, कुरडू, माठ, जे जे ताटात येऊ शकतं ते सगळं रुंद पानाचं. म्हणजे आम्ही पैसे देऊन नेमकी भाजी तेवढी मारत होतो. फवारल्यावर पानं पिळवटतात, देठ वेडेवाकडे वळतात. दोन-तीन दिवसांत झाड कसं मुरगळतं ते मी पाहिलं आहे. किडे, मुंग्या, गांडुळं यांचं काय झालं असेल ते केवलीच जाणोत. शेतीत उद्योगी हिंसा होतेच, हे मला कुणी शिकवायला नको, आमचं पोट शेतीवर आहे. पण जी टाळता येते तीही उद्योगी म्हणून खपवायची का? तेव्हा भांगलण परवडत होती. मी 7,500 रुपये वाचवले.

कुणाचे वाचवले? 96 रोज म्हणजे आठ बायकांचे बारा-बारा दिवस. ती मजुरी गेली, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या ओच्यातून घरी जाणारी भाजी गेली. कॉलेजात घसारा शिकलो होतो, यंत्राची झीज दरवर्षी खर्चात धरायची. बांधाची झीज मी कुठल्याच वर्षी धरली नाही. पाच-सहा वर्षांत बांध पांढरा पडला. पावसाळ्यात सुद्धा नुसतं हरळी आणि लव्हाळा. त्याच उसाचा रस आपण अक्षय तृतीयेला काढतो आणि त्याच शेतातली, औषधातून वाचलेली मूठभर भाजी परत पाठवतो.

तीन वर्षांपूर्वी यजमानांशी भांडून पाटाकडच्या सहा सऱ्या आणि सगळा बांध फवारणीतून सोडवला. ते अजून कुरकुरतात. "बी उडतं, बाकीच्या रानात पसरतं," म्हणतात, आणि ते खोटं नाही. सहा सऱ्यांच्या भांगलणीला यंदा 4,200 रुपये गेले. वहीत मी ते 'मजुरी' या सदरात लिहिते. दोन वर्षं काहीच आलं नाही. यंदा चैत्रात पाटाच्या कडेला तांदुळजा आला. मावशींनी बस्तीत आणला होता तो हाच, आमच्याच बांधावरचा. कुठून आणला हे मला त्यांनी फाटकापाशी सांगितलं. माझ्याच रानातली भाजी माझ्यासमोर अभक्ष्य ठरली आणि मी झारा धरून गप्प उभी होते.

आता दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणींकडं वळते, नाहीतर त्या म्हणतील काकू आमच्या बाजूच्या. गेली काही वर्षं ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. चांगली गोष्ट आहे, विकणाऱ्या बायकांना दोन पैसे मिळतात. पण आपल्यातल्या काही जणी तिथून स्फूर्ती घेऊन गाड्या काढून पन्हाळ्याकडं, आंब्याकडं निघतात. दिवसभर रानात हिंडून पिशव्या भरून करटोली, करवंदं आणायची, फोटो काढायचे आणि खाली लिहायचं, 'साधं जीवन'. ऐंशी किलोमीटर पेट्रोल जाळून साधं जीवन कसलं?

करटोलीचा वेल जमिनीखालच्या गड्ड्यातून दरवर्षी फुटतो. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फळ हलक्या हातानं काढलं तर वेल पुढच्या वर्षी पुन्हा येतो, ओरबाडला तर नाही. हे तिथल्या धनगर बायकांना माहीत आहे, रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात त्याच बायका. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्यांना दिला आहे. तो आपल्या गाडीला दिलेला नाही. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्या आधी जाऊन आपण भरलेल्या पोटानं तोडून आणायचं, याला अपरिग्रह म्हणत नाहीत. आणि अदत्तादानाचा दोषही जरा तपासून बघा. त्यांच्याकडून विकत घ्या, घासाघीस न करता घ्या. वेचायचंच असेल तर आपल्या बांधावर वेचा. बांध नसेल तर गच्चीवर दोन डबे ठेवा आणि आपोआप काय उगवतं ते वर्षभर बघा. तेवढंही पुष्कळ शिकवतं. रस्त्याकडेचं, गटाराकडेचं, फवारलेल्या रानाजवळचं मात्र हात लावू नका. आणि जे तुम्हाला कुणी जाणत्या बाईनं हातात धरून दाखवलेलं नाही, ते नुसता फोटो बघून मुळीच नाही.

स्वावलंबन म्हणजे काय ते मला 2019 च्या पुरात कळलं. पाणी घरात शिरलं, आम्ही माडीवर सहा दिवस. भाजीपाला नाही, दूध नाही, वीज नाही. शेजारच्या घरात फ्रीज भरलेला होता, दुसऱ्या दिवशी सगळं खराब झालं. आमच्याकडं माडीवर ज्वारी, तूरडाळ, चिंच, गूळ आणि मीठ होतं. सकाळी भाकरी आणि चिंचगुळाची आमटी, संध्याकाळी उजेड असेपर्यंत तेच. आक्का तेव्हा हयात होत्या, नव्वदीच्या जवळ. त्यांचं काहीच बिघडलं नाही. त्यांचा एकाशनाचा नियम होता, चातुर्मासात त्या तशाही हिरवं खात नसत, रस एक-दोन सोडलेले असायचे. मदतीच्या गाड्यांतून पाकिटं आली, मुलांनी खाल्ली. देणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण सहा दिवस घर चाललं ते त्या पाच डब्यांवर.

1,650 रुपयांत आमच्या दुकानदाराच्या भावानं 20 किलो ज्वारी आणि 5 किलो तूरडाळ येते. दोन माणसांचे दोन महिने सहज. किटातली पाकिटं आठ दिवस पुरतील, तीही चहाबरोबर. चातुर्मास खाणं कमी करण्यासाठी आहे. भोगोपभोगाचं परिमाण घ्यायचे हे चार महिने, आणि त्याची सुरुवात आपण घरटी सहा जादा पदार्थ वाटून करतोय. किट ज्यांना खरोखर लागतं अशी घरं आपल्यात आहेत, त्यांची नावं मला माहीत आहेत आणि तुम्हालाही. त्यांना धान्य द्या, गाजावाजा न करता द्या. बाकीच्या शंभर घरांना शेव वाटायची काय गरज आहे?

त्या दिवशीच्या भाजीचं सांगायचं राहिलं. घरी आणून पुन्हा पान न् पान उलटसुलट करून निवडली, गाळलेल्या पाण्यात तीनदा धुतली. मोहरी, जिरं, हिंग, दोन ओल्या मिरच्या, भिजवलेली मुगाची डाळ, वरून शेंगदाण्याचं कूट. काही जणी ताकात करतात, पण डाळ असल्यानं ते द्विदल होतं, म्हणून मी आंबटपणाला चिंच घालते. ज्वारीच्या भाकरीबरोबर यजमानांनी दोनदा मागून घेतली. कुठली आहे ते मी त्यांना जेवण झाल्यावर सांगितलं. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, "पुढच्या साली विहिरीकडच्या चार सऱ्या पण सोड."

मावशींकडं मी दुसऱ्या दिवशी गेले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊं दे वैनी, तुमच्यात न्हाई चालत तर न्हाई चालत." मी सांगितलं, "मावशी, आमच्यात चालतं. आम्हालाच माहीत नाही." त्यांनी चहा ठेवला, मी घेतला. बस्तीतून परत पाठवल्याचं त्यांच्या मनातून गेलं असेल असं मला वाटत नाही, आणि जावं तरी का?

येत्या रविवारी दुपारी 3 वाजता मंडळाची बैठक आहे, किटाची ऑर्डर त्यात पक्की होणार. मी लेखी विरोध देणार आहे, सोबत हिशेबाचा कागद. मागणी तीन ओळींची आहे. किट रद्द करावं. गरजू घरांना धान्य द्यावं. आणि त्या मावशींना पुढच्या अक्षय तृतीयेला मंडळानं घरी जाऊन बोलावणं करावं, त्यांचा तांदुळजा त्या दिवशीच्या जेवणात असावा, निवडायला मी आणि माझ्याबरोबर ज्या येतील त्या बसतील. कागद शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्या घरी ओट्यावर ठेवलेला असेल. सह्या आतापर्यंत चार आहेत, त्यातली एक माझ्या सुनेची, ती खास पुण्याहून येते आहे.

जय जिनेंद्र.